बटण दाराबाहेर

न्हाणीच्या दिव्याचं बटण दाराबाहेर बसवायची अक्कल ज्या वायरमनला सुचली, त्याला मला एकदा भेटायचंय. शांतपणे नाही.

परवा रात्री आमच्या परड्यातल्या न्हाणीत मी फिल्मवरून रंगीत फोटोच्या प्रिंट काढत होतो. खिडकीला काळं प्लास्टिक, दाराच्या फटीत चादर, पाटावर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचा फोटो मोठा करून कागदावर पाडणारं यंत्र. फोटोच्या कागदाचं पाकीट उघडून एक कागद चाचपडत बाहेर काढला आणि लख्ख उजेड पडला.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, मीच लावलाय," बाहेरून आवाज. "अंधारात कशाला बसलाईसा?"

आप्पा. आमचे घरमालक. पाण्याची मोटर बंद करायला आले होते.

मी ओरडलो. त्यांनी दिवा घालवला, मग माझा आवाज ऐकून काळजीनं परत लावला.

"पडला न्हाईसा न्हवं?"

"आप्पा, फोटो धुतोय! उजेड चालत नाही!"

"मग लाल दिवा लावायचा की. सिनेमात लाल असतोय."

"तो ब्लॅक अँड व्हाइटला. रंगीत कागदाला सगळेच रंग दिसतात."

"मग ब्लॅक अँड व्हाइटच काढा की! हट्ट कशाला?" एवढं बोलून आप्पा पायरीवर बसले. "आमच्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा सोता बनवला. हितं, कोल्हापुरात. त्यास्नी कुणाला वरडायला लागलं नाही."

आता याला काय म्हणायचं? खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा करणाऱ्या, प्रभात कंपनी 1929 साली जिथं सुरू झाली त्या या गावात मला रंगीत कागदाचं एक पाकीट मिळत नाही. मुंबईहून मागवावं लागतं. स्टुडिओवाल्याकडं रसायन विचारलं, तर तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मोबाईल बिघडलाय काय?" माझ्या कॅमेऱ्याला लागणारी रुंद, 120 ची फिल्म महाग, आणि सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनात तिचे फोटो बाराच. रंकाळ्यावर त्यातला एक काढायला मी इतका विचार करतो की भेळवाला दोनदा गिऱ्हाईक समजून हाक मारतो. फिल्म धुवायची तर डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, 38 अंशांवर सव्वातीन मिनिटं. आमच्या गीझरला हे अंश मान्य नाहीत. आणि प्रिंटचं गणित तर असं उफराटं, की फोटो पिवळट आला तर एन्लार्जरच्या दिव्यापुढचं फिल्टर पिवळंच वाढवायचं. हे मी आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर घर रिकामं करायला लावलं असतं.

"किती गेलं?" त्यांनी विचारलं.

"पाकीट."

"बघू." त्यांनी पाकिटातले कागद उजेडात उलटसुलट केले. "पांढरं फेक हाय की! वाया कुठं गेलंय? उगंच बोंब. भिशीचा हिशेब लिवायला घिऊन जातो."

माझ्या डोळ्यांदेखत घेऊन गेले. महिन्याच्या बजेटातलं सगळ्यात जड पाकीट, काखेत.

सकाळी जिन्यात गाठ पडली. वाटलं, माफी मागतील.

"ओ," आप्पा म्हणाले, "कागद लई हलका निघाला तुमचा. पेन सरकतंय नुसतं. फसवलं तुम्हाला दुकानदारानं. पुढच्या टायमाला मला सांगा, रेघांची वही आणून देतो."