भिजलेला कॅमेरा तांदळात ठेवू नका

घाटातले धबधबे सुरू झाले की ट्रेकच्या ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो: 'कॅमेरा पाण्यात पडला? हेअर ड्रायरने वाळवा, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा, सकाळी चालू करून बघा. चालू झाला की काळजी मिटली.' यातला एकही सल्ला धड नाही, आणि सगळ्यात आधी जे करायचं ते तर यात नाहीच.

ते म्हणजे बॅटरी काढणं. तिथेच, पाण्याच्या काठावर उभं राहून. नुसत्या पाण्यापेक्षा पाण्यात खेळणारी वीज सर्किटचा जास्त घात करते. स्विच बंद असला तरी बॅटरी आत असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच, आणि ओल्या जागी ती तांब्याच्या बारीक रेषा खात बसते. बॅटरीच्या कप्प्यात पिनांवर हिरवट थर दिसला, तर ते काम सुरू झालेलं असतं.

आता तांदूळ. डब्यातला तांदूळ कोरडा वाटतो, पण त्यात १२-१४ टक्के ओलावा असतोच. पावसाळ्यात तर आपणच त्याला जपत असतो. तो कॅमेऱ्याच्या आतलं पाणी काय ओढणार? उलट त्याची पिठूळ भुकटी, आणि घरात बोरिक पावडर लावायची पद्धत असेल तर तीही, ओल्या लेन्सच्या फटीत शिरून चिकटते. माझ्या मित्राच्या कॅमेऱ्यात झूमच्या नळीभोवती या भुकटीची अक्षरशः खळ झाली होती. नळी बाहेर यायची ती करकरत. ॲपलनेही २०२४ साली ओला आयफोन तांदळात ठेवू नका, असं स्पष्ट सांगितलं. त्यापेक्षा बॅटरी, कार्ड, लेन्स काढा, सगळी झाकणं उघडी ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या भरपूर कोरड्या दाण्यांसोबत दोन-तीन दिवस ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

हेअर ड्रायरचा झोत पाणी आणखी आत ढकलतो आणि त्याच्या उष्णतेने आतला गोंद, वंगण सैल पडतं. कडक उन्हाचंही तेच.

'चालू झाला की काळजी मिटली' हे मला सगळ्यात घातक वाटतं. त्याच मित्राचा कॅमेरा दुसऱ्या दिवशी सकाळी चालू झाला, आम्ही सगळे खूश झालो. तीन आठवड्यांनी शटरचं बटण गेलं, मग स्क्रीन. गंज सावकाश पसरतो, आणि लेन्समध्ये अडकलेल्या दमटपणातून बुरशीचं जाळं धरतं. म्हणून चालू करून बघायची घाई नको. आधी दुरुस्तीवाल्याकडून उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने (पटकन उडून जाणाऱ्या स्पिरिटने) बोर्ड साफ करून घ्या. घरी स्वतः उघडू नका: फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्टची वीज उरलेली असू शकते.

मालवण-गुहागरकडे समुद्रात पडला तर मात्र वाळवत बसणं हीच चूक. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून गेलं तरी ते आत राहतं, हवेतला ओलावा ओढतं आणि धातू खातं. पूर्ण बुडालेला कॅमेरा बॅटरी काढून स्वच्छ गोड्या पाण्याने, डिस्टिल्ड मिळालं तर त्याने, धुवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे पोचवा. कॅमेरा वाचेलच असं नाही. कार्ड मात्र बहुतेक वेळा वाचतं: धुऊन, नीट वाळवून, मगच रीडरला लावा.