मजुरी खात्यात, पण कोणाच्या?
‘मजुरी थेट बँक खात्यात जाऊ लागली आणि रोजगार हमीतली गळती थांबली’ हे रोजगार हमीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. आमच्या गावी बांधबंदिस्तीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, ज्यांची नावं होती, त्यातले दोघं तेव्हा पुण्यात वॉचमन होते. पैसे त्यांच्याच खात्यात आले, अगदी नियमाने! अर्धे नंतर हजेरी लावणाऱ्याने काढून घेतले. आणि खरोखर घमेली उचलणारी माझी चुलती अडीच महिने बँकेच्या पायऱ्या झिजवत होती. आधारवर नाव वेगळं पडलं होतं म्हणे. केंद्राचा 2005 चा रोजगार हमी कायदा तर 15 दिवसांत मजुरी द्या म्हणत होता.

बाकी, रोजगार हमीची कल्पना दिल्लीची नव्हे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने ती राबवली, 1977 मध्ये कायदा केला. पगारातून व्यवसाय कर कापला जातो तो मुळात याच्यासाठीच सुरू झाला, हे लेखात यायला हवं होतं.