फक्त एक इंच

चवथीला आमच्या प्रियोळच्या घरी मी तास-तासभर फुगडी घालते. समोरची जाऊ 'पुरे गो' म्हणून धापा टाकायला लागते, तेव्हा कुठे तिचे हात सोडते. त्यामुळे भाची जेव्हा म्हणाली, "मावशी, बॅलेवरून काढलेला व्यायाम आहे, पहिला क्लास फुकट," तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की शिकवणाऱ्या पोरीला उगाच घाबरवायचं नाही.

या प्रकाराचं नाव 'बार'. भिंतीलगतच्या ज्या दांडीला धरून बॅलेवाले सराव करतात, ती दांडी म्हणजे बार. शब्द फ्रेंच आहे, पण तो गोव्यात, शनिवारी संध्याकाळी, सासूबाईंसमोर उच्चारायचा होता. त्या गॅलरीतल्या तुळशीपुढे दिवा लावत होत्या.

"बारांत वता? तिनसांजेच्या वेळार?"

मी फ्रेंच भाषा, व्यायाम, दांडी असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थंय दांडो धरून उबे रावतात?"

"हो."

"मागीर तो बारूच."

क्लास पणजीतच, पहिल्या मजल्यावर. आत शिरताच तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घालायला लावले, घसरू नये म्हणून. एक भिंत पूर्ण आरशाची. साठीच्या आत आणि पंचेचाळीसच्या बाहेर असलेल्या बाईला इतका मोठा आरसा इतक्या उजेडात दाखवू नये, असा काही नियम असायला हवा. बाकीच्या दहाजणी विशीतल्या. भाचीने मला ओळखत नसल्यासारखं टोकाला जाऊन उभं राहणं पसंत केलं.

"दांडीवर हात हलका ठेवा, नुसता टेकवा," शिकवणारी म्हणाली. आता दांडी धरायचं माझं सगळं शिक्षण फोंडा-पणजी बसमध्ये झालेलं. तिथे हात नुसता टेकवणारा माणूस बाणस्तारीच्या आधीच कुणाच्या तरी मांडीवर असतो. मी दांडी धरली ती धरलीच.

टाचा जुळवा, चवडे बाहेर. ही पहिली पोझिशन. अशा एकूण पाच, आणि त्या बसवल्या गेल्या सतराव्या शतकात, चौदाव्या लुईच्या दरबारात. हा राजा स्वतः नाचायचा आणि 1661 साली त्याने नृत्याची अकादमीच काढली, म्हणून जगभर बॅलेची भाषा फ्रेंच. पोर्तुगीज आमच्याकडे साडेचारशे वर्षं राहिले, पाव देऊन गेले, काजू देऊन गेले. गुडघे वाकवायला मात्र शब्द फ्रेंचांचा. प्लिए.

प्लिए मला येतं, असं मला वाटलं. पाय फाकवून खाली बसायचं. आदोळीवर, म्हणजे आमच्या विळीवर, बसून दर चवथीला वीस-वीस नारळ कातलेत मी. पण अडचण अशी, की इथे बसायचं नव्हतं. बसण्याच्या थोडं अलीकडे थांबायचं होतं. आणि तिथून फक्त एक इंच खाली, एक इंच वर.

"किती?" मी विचारलं.

"एक इंच."

मला हसू आलं. फुगडीत अख्खं अंगण फिरतं, ढालोच्या नाचात बायका मांडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. एक इंच! एवढ्याने तर घामसुद्धा येणार नाही.

घाम नंतर आला. आधी आला अवसर, म्हणजे अंगात देव येतो तो. जत्रेत भाराला उभ्या माणसाची जशी थरथर सुरू होते, अगदी तशी, मांड्यांपासून. मी पायांना थांबा म्हणत होते, पाय ऐकत नव्हते. सासूबाई असत्या तर त्यांनी तिथल्या तिथे जमिनीच्या दाव्याबद्दल विचारून घेतलं असतं. शिकवणारी मात्र खूश. "थरथर आली? छान! म्हणजे स्नायू काम करताहेत." मग म्हणाली, "शेवटचे आठ."

आठ झाले. "आता अजून आठ."

हा आवाज कुठे ऐकलाय ते मग लक्षात आलं. बस गच्च भरलेली असताना 'फुडें वच, फुडें वच, जागो आसा' म्हणणाऱ्या कंडक्टरचा.

मग टाचा उचलून तेच. मग गुडघ्यांमध्ये रबरी चेंडू दाबून तेच. माझा चेंडू निसटला आणि उड्या मारत आरशापर्यंत गेला. तो आणायला जे चार पाऊल चालायला मिळालं, तेवढाच माझा आनंदाचा काळ. परतताना मी मुद्दाम सावकाश आले. नंतर चेंडू दोनदा निसटला. दुसऱ्या वेळी तो निसटला असं फक्त मीच म्हणेन.

हा व्यायाम काढला लोट्टे बर्क नावाच्या नर्तकीने. मूळची जर्मनीची, नाझींच्या काळात लंडनला पळून आलेली. पाठ दुखावली, तेव्हा तिने बॅलेचा सराव आणि दुखण्यावरचे व्यायाम एकत्र केले आणि 1959 मध्ये लंडनला एका तळघरात वर्ग सुरू केला. भाचीने परतताना स्कूटरवर मला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. बाईंच्या पाठीतून निघालेलं दुखणं नंतर कुठे गेलं, याचा पत्ता मी तिला देऊ शकले असते, पण बोलायला श्वास नव्हता.

"उद्या थोडं दुखेल," शिकवणारीने निघताना सांगितलं होतं. "परवा जास्त."

रविवारी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला. दोन पोळ्या घ्यायला मी जिना उतरले. उतरले म्हणजे उलटी, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, दर पायरीला 'आई गं' म्हणत. खाली येऊन भिंतीला टेकले. पाय अजून थोडे थरथरत होतेच. पोदेर सायकल धरून माझ्याकडे बघत राहिला.

"किदें जालें गो बायेक?" त्याने वर गॅलरीकडे बघून विचारलं.

"काल बारांत गेल्लें तें," सासूबाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. पोळ्या माझ्या हातात न देता पायरीवर अलगद ठेवल्या, सुटे पैसे मोजून त्यावर ठेवले आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत भोंपू वाजवला नाही.