मायाळू म्हणून सोडून देऊ नका

माझी मोठी बहीण बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. "तुमची ताई किती मायाळू हो!" असं कुणी म्हटलं की पूर्वी मला बरं वाटायचं. आता चिडायला होतं. माया काय, असते एकेकाच्या स्वभावात, असं म्हणून मोकळं होता येतं ना!

तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, आगाऊ उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे कोयता, म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, निघाला की पोरं ट्रकमध्ये, थेट पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. आई फडात असताना सहा वर्षांची पोर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते. म्हणजे पहिलीचं अर्धं वर्ष गेलं. क, ख अजून सुटे आहेत, जुळायच्या आधीच गेले.

ताई ऑगस्टपासून वही करते. कोण जाणार, कुणाची आजी घरी आहे, आजीला डोळ्यांनी दिसतं का. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय होते. पण रात्री कुशीत कोण घेणार, हा प्रश्न कुठल्या योजनेत बसत नाही. म्हणून ती आज्यांच्या ओट्यावर जाऊन बसते. चहा पिते, गुडघेदुखी ऐकते, मग विषय काढते. हे सगळं शाळा सुटल्यावर. शाळेच्या वेळात ऑनलाइन माहिती भरायची असते!

वर्गात एक पोरगं म्हणालं, "मॅडम, मही पाटी फुटली." तिच्यासोबतच्या एका नव्या शिक्षकाने लगेच दुरुस्त केलं, "माझी म्हण." पोरगं दोन दिवस बोललंच नाही. ताई म्हणाली, पाटी फुटल्याचं सांगायला आलं होतं ते, व्याकरण विचारायला नाही. तिच्या वर्गात आधी 'मही' चालतं. 'माझी' पुस्तकातून हळूहळू येतं.

आणि एप्रिलमध्ये परतलेल्या पोरांना ती "काय बुडलं" हे विचारत नाही. "काय मोजलं?" विचारते. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या पाच-पाचनी मोजणारं पोरगं बेरजेत अडत नाही, फक्त अंक लिहिता येत नाहीत त्याला. मग पेंढ्यांपासूनच सुरुवात.

यात नवीन काही नाही म्हणा. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला हेच सुरू केलं, १९५७ पासून कोसबाडला. मुलं शाळेत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पानं हीच साधनं. पुतळे, पुरस्कार यांत आपण त्यांची माया तेवढी लक्षात ठेवली, पद्धत विसरलो.

माझं म्हणणं इतकंच आहे, ताईला 'आदर्श' म्हणू नका. तिच्याकडची दोन कागदी कामं काढून घ्या आणि आज्यांकडे जायचा वेळ तिच्या कामाच्या तासांत धरा. "पोरं शेवटी ऊसच तोडणार" म्हणणारे लोक शिक्षकांतही आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात ती वेळ घालवत नाही. मी घालवतो.

परवा तिच्याकडे गेलो तर वही उघडीच होती. अकरा नावं, आठांपुढे आजीचा अंगठा. नवव्या घरची आजी हो म्हणालेली, पण मुकादमाचा ट्रक एक दिवस आधीच येतोय असा निरोप आलेला. ताई चपला शोधत होती.