लष्कराच्या भाकऱ्या आणि गॅस आपला

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आमच्या घराण्यात जुनी आहे. आजोबांनी गावच्या देवळाचा जमाखर्च आयुष्यभर फुकट लिहिला, वडील नौपाड्याच्या चाळीत पाणी सोडायची वेळ सांभाळायचे आणि शिव्या खायचे, आणि मी इथे घोडबंदर रोडच्या सोसायटीत खजिनदार आहे, म्हणजे तिसऱ्या पिढीतही शिव्या चालूच. तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरलाही मी याच कामाला लावलं तर त्यात एवढं काय, असं माझं मत. बायकोचं मत वेगळं आहे आणि ते पुढे येईलच.

तर सॉफ्टवेअरचं नाव बॉइंक. अमेरिकेत बर्कलेच्या युनिव्हर्सिटीत तयार झालेलं, फुकट. आपला कॉम्प्युटर नुसता चालू असतो, त्यातली नव्वद टक्के ताकद झोपा काढत असते, ती शास्त्रज्ञांना उसनी द्यायची. ते त्यांचं अवाढव्य गणित बारीक तुकडे करून घरोघरी पाठवतात, आपलं मशीन तुकडा सोडवतं आणि परत पाठवतं. याच लोकांचा सेटी ॲट होम नावाचा प्रकार १९९९ साली आला होता, पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींत परग्रहवासी शोधायचे. तेव्हा मी नोकरीला नवीन होतो आणि ऑफिसच्या पेंटियमवर तो रंगीत स्क्रीनसेव्हर लावून रुबाबात हिंडायचो. परग्रहवासी काही सापडले नाहीत. २०२० च्या ३१ मार्चला त्यांनी नवीन काम वाटणं बंद केलं, म्हणजे इकडे लॉकडाऊनमध्ये अख्खं जग घरी बसून होतं आणि त्याच आठवड्यात यांनीही दुकान आवरलं.

परवाच्या एप्रिलमध्ये मला ते सगळं आठवलं आणि मी आइन्स्टाइन ॲट होमला नाव नोंदवलं. हे लोक पल्सर शोधतात, स्वतःभोवती गरगर फिरणारे मेलेले तारे. आणि खरंच सापडतात हो, २०१० साली अमेरिकेत आयोवामधलं एक नवराबायकोचं जोडपं आणि जर्मनीतला एक गृहस्थ, यांच्या घरच्या कॉम्प्युटरांनी एक नवा पल्सर हुडकून काढला. मी हे हिला मुद्दाम सांगितलं, जोडप्यावर जरा जोर देऊन. ती म्हणाली, "त्यांच्याकडे बर्फ पडतो, त्यांना तेवढीच ऊब. आपल्याकडे मे महिना येतोय."

पहिल्या संध्याकाळी डब्याचा पंखा असा काही सुरू झाला की आई देवघरातून ओरडली, "अरे, या वेळेला दळण कोण दळतंय?" तेव्हापासून घरात बॉइंकला गिरणी म्हणतात. आणि खरं सांगू, बरोबरच आहे ते. डबा येतो, डब्यावर अमुक तारखेपर्यंत परत द्या अशी चिठ्ठी असते, दळून झालं की डबा जातो. फरक एवढाच की बऱ्याच ठिकाणी तेच दळण आणखी एका अनोळखी माणसाच्या गिरणीतही टाकतात आणि दोन्ही पिठं जुळली तरच तुमच्या खात्यात पॉइंट. इतका अविश्वास आमच्या सोसायटीच्या ऑडिटरनेसुद्धा दाखवला नाही कधी.

आता हे सॉफ्टवेअर दिसायला अत्यंत सभ्य. प्रोसेसरवर ते सगळ्यात खालच्या पायरीवर बसतं. ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्यांना सांगायला नको, लोकलमधली चौथी सीट, तशातला हा माणूस, अर्धं बूड टेकलेलं, आणि कोणी नुसतं बघितलं तरी उठून उभा राहणार. एक्सेल उघडा, लगेच सरकतं. मला वाटलं घरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापेक्षा खालच्या नंबरवर आलं.

पण सभ्यपणा प्रोसेसरपुरता. मेमरीच्या बाबतीत हा माणूस एसटीतला आहे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा. मी एक खूण करून ठेवली होती, काम थांबलं तरी मेमरीतून काढू नको म्हणून, कारण काढलं की मागच्या चेकपॉइंटपासूनची, म्हणजे काम शेवटचं जतन झालं तिथपासूनची, मेहनत वाया जाते. सद्हेतूने केलेली खूण. परिणाम असा की चार कामं थांबलेली, एकही दळत नाही, पण आठ जीबीत चार रुमाल पसरलेले, आणि मी सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट उघडून घड्याळाकडे बघत बसलेलो. सिंकिंग फंडाच्या कॉलमवर तो पांढरा गोल एवढा वेळ फिरला की मलाच मनातल्या मनात हिशोब लागला. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन वापरात असताना पन्नास टक्के मेमरी होती ती पंचवीसवर आणली. नसताना नव्वद असते, ती तशीच राहू दिली, हे लक्षात ठेवा.

मग चिरंजीवांनी यात उडी घेतली. त्याला पल्सरमध्ये इंटरेस्ट नाही, त्याने प्रोटीनचे आकार शोधणारा रोझेटा ॲट होम जोडला आणि हवामानाचा एक जोडला. प्रत्येकाच्या पुढे रिसोर्स शेअर, १००. मी त्याला ओरडलो की तिघांना शंभर शंभर टक्के कसे देतोस. ते टक्के नसतातच. ती आणेवारी असते, आमच्या गुहागरच्या कलमांसारखी. शंभर, शंभर आणि दोनशे लिहा, एकूण चारशे, की दोघांना पाव पाव आणि तिसऱ्याला अर्धा. आणि हा वाटा रोजच्या रोज मिळत नाही, लांबचा हिशोब ठेवून मिळतो. हवामानवाल्यांचं काम मधे काही दिवस आलंच नाही, आणि आलं तेव्हा प्रोसेसरचे चारही कोअर, म्हणजे गिरणीची चारही जाती, त्यांनी अडवले, थकबाकी वसूल होती ती. अगदी आमचे मुंबईचे काका, वर्षानुवर्षं बागेत पाऊल नाही आणि एका मे महिन्यात येऊन सगळ्या पेट्यांवर हात. तरी बॉइंक बरं, ते दर दहा दिवसांनी मागचा हिशोब निम्मा विसरतं. काकांना १९८७ चा पायरीचा करंडासुद्धा आठवतो.

त्यात डेडलाइन जवळ आली की आणेवारी वगैरे सगळं गुंडाळून ज्याची तारीख आधी त्याचं काम आधी. हे मात्र मला पटलं, लग्नघरात आम्हीही असंच करतो.

खरा घोळ झाला कीर्तनावरून. आई दुपारी कॉम्प्युटरवर यूट्यूबला कीर्तन ऐकते. तिची तक्रार आली की बुवा मधेच अडखळतात. नमनाला गोड, पूर्वरंग रंगात आला की मान हलते पण तोंड पोचत नाही, झांज एकदा वाजते आणि पुढची थेट दोन ओळींनंतर. मी नेटवाल्याला फोन केले, वायर बदलली, राऊटर उचलून फ्रिजवर ठेवला. तेवढ्यात आईनेच शोध लावला. "माऊसला हात लावला की बुवा नीट बोलतात." म्हणून ती दर दोन-तीन मिनिटांनी माऊसला नुसता हात लावायची, जपमाळ ओढल्यासारखा. मला वाटलं म्हातारीचे खेळ. पण ती बरोबर होती! बॉइंकच्या लेखी तीन मिनिटं कोणी कीबोर्ड-माऊस हलवला नाही की कॉम्प्युटर रिकामा. समोर आई डोळे मिटून बसली आहे हे त्याला कुठून कळणार. झालं, रिकामा समजून त्याने चिरंजीवांचं ग्राफिक्स कार्ड कामाला जुंपलं, आणि ग्राफिक्स कार्डावर चौथ्या सीटचा सभ्यपणा चालत नाही, तिथे तो सरळ पाय पसरतो. वर ती नव्वद टक्के मेमरी. बिचारे बुवा एकीकडे आणि पल्सर एकीकडे.

(तीन मिनिटं हात हलला नाही की रिकामा, हा नियम आमच्याकडे माणसांनाही लागू आहे. माझ्या बाबतीत तर दोन.)

याच्यावर उपाय आहे. काही प्रोग्रॅमची यादी देता येते, की हे चालू असले तर तू पूर्ण थांब. मी ब्राउझरचं नाव टाकलं. आई खूश. मुलाने त्याच्या गेमचं टाकलं. हिचं ऑफिस बुधवारी घरून असतं, तिने मीटिंगचं टाकलं. आणि पुढचे नऊ दिवस बॉइंकने एक दाणा दळला नाही, कारण आमच्या घरात ब्राउझर बंद करायची पद्धत नाही, मुलाचे चाळीस टॅब दिवाळीपासून उघडे आहेत आणि त्याला हात लावला तर त्याचा अभ्यास बुडतो म्हणे.

मधल्या काळात लाईट बिल आलं. मी कागदावर मांडलं होतं, दळताना शंभर वॅट जास्त धरले तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२, ठीक आहे. ठीक नव्हतं, कारण त्या ७२ नी आम्हाला ३०० च्या वर ढकललं आणि तिथे दर वेगळा. हिने विचारलं की त्या पॉइंटचं काय मिळतं. मी सांगितलं, त्याला कॉबलस्टोन म्हणतात, एका कॉब नावाच्या माणसावरून, आणि एक गिगाफ्लॉपचं, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणितं करणारं मशीन दिवसभर राबलं की २०० मिळतात. "हो, पण त्यांचं मिळतं काय?" म्हणलं, काही नाही. तिने बिल फ्रिजला मॅग्नेटने लावलं, माझ्या चहाच्या कपाच्या बरोबर समोर.

मग तह झाला. रात्री दीड ते पहाटे सहा, चारातले दोनच कोअर, टॅब मी स्वतः बुकमार्क करून बंद करायचे, आणि कोणी कॉम्प्युटरला हात लावला की काम थांबलंच पाहिजे अशी खूण. दोन आठवडे सुरळीत चाललं असणार. असणार म्हणतो कारण मी झोपलेलो असायचो.

परवा पहाटे पाचला जाग आली. म्हणलं बघूया तरी किती झालंय. हॉलमध्ये अंधार, पंख्याची ती ओळखीची घरघर, इतकं बरं वाटलं. स्क्रीन काळा होता म्हणून माऊस जरासा हलवला. स्क्रीन उजळला, घरघर थांबली, आणि समोर ओळ, काम थांबवलं आहे, कॉम्प्युटर वापरात आहे.

दळण ९१ टक्क्यांवर होतं. आता ते पुढे सरकताना बघायचं तर तीन मिनिटं कशालाही हात न लावता बसायचं. म्हणून मी हात मांडीवर ठेवले आणि बसलो. दोन मिनिटं झाली असतील नसतील, मागून बेडरूमचं दार वाजलं.

"अहो, नुसतेच बसलायत ना? मग जरा खाली जाऊन दूध घेऊन या."