पान 2 वर

पेपरातली एखादी बातमी कापून ठेवण्यासारखी आहे हे सकाळी साडेसातला कळतं, पण कात्री लावायला संध्याकाळ उजाडते. मधल्या वेळात त्या अंकावर घरातल्या सगळ्यांचा हक्क असतो. कुणाचं शब्दकोडं अर्धं राहिलेलं असतं, कुणाचं राशिभविष्य वाचून व्हायचं असतं, आणि शेवटी त्यावर मेथी निवडायला घेतलेली असते. काड्या बाजूला सारून कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची वाचणं हा सांगलीतल्या कात्रणवाल्याचा नित्यनेम.

अलमट्टी तर हवीच, तिचं पाणी मागे फुगून सांगलीत शिरेल ही इथली धास्ती. 519.60 मीटर ही आत्ताची आणि 524.256 मीटर ही कर्नाटकाला हवी असलेली, हे दोन आकडे इतकी वर्षं इतक्या बातम्यांत आलेत, की त्या एका विषयाची फाइल आता बंद होत नाही. पावसाळ्यात इथे माणसं ‘बरं आहे ना?’ असं विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, त्यानंतर तर आकडा ऐकूनच लोक फ्रिज कुठे उचलून ठेवायचा याचा हिशोब करतात. पंचाईत अशी की पेपरात कोयनेचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, विसर्ग क्युसेकमध्ये आणि पुलाखालची पातळी फुटांत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, 28.3 लिटर. 1 लाख क्युसेक चोवीस तास चाललं की 8.64 टीएमसी. म्हणजे 105.25 टीएमसीचं कोयना धरण, वरून थेंबही न येता त्या वेगाने सोडलं, तरी रिकामं व्हायला बारा दिवस लागतील. हे गणित टपरीवर सांगून बघा; चहा गार होईपर्यंत तुमच्या शेजारी कुणी उरणार नाही. मी म्हणूनच ते कापून ठेवतो आणि गप्प बसतो.

खरी गोची कागदाच्या घडीत आहे. 16 पानी अंक म्हणजे एकात एक घातलेले चार मोठे ताव. सगळ्यात बाहेरच्या तावावर एका अंगाला पान 1 आणि 16, दुसऱ्या अंगाला 2 आणि 15. कुठलीही जोडी घ्या, बेरीज 17. म्हणजे पहिल्या पानाच्या पाठीवर दुसरं पान असतंच असतं. आता बातमी पहिल्या पानावर सुरू होते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पान 2 वर’. पुढचा भाग कापून ठेवायच्या मजकुराच्या नेमका पाठीमागे, अर्धा आत, अर्धा बाहेर. पहिलं कापलं तर दुसऱ्याचा गळा जातो. ‘पान 7 वर’ असेल तर संपादक देवमाणूस समजावा. नाहीतर स्टँडवरून दुसरा अंक आणावा. यापेक्षा स्वस्त उपाय अजून निघालेला नाही. मोबाइलवर फोटो काढा असं भाचा सांगतो. काढतो की. तो फोटो सुप्रभातच्या कमळाखाली गाडला जातो.

कापायचं कसं, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. आधी बॉलपेनने समासात पेपरचं नाव, तारीख आणि पान लिहायचं. जेल पेन नको, शाई पसरते. तारीख नंतर लिहू म्हटलं की कात्रण बेवारस झालंच. मग पाठ बघायची. मग खाली जाड पुठ्ठा, वर स्टीलची पट्टी, आणि ब्लेड. कात्रीने कडा वाकडी जाते आणि शेवटच्या ओळीतलं पुस्तकाचं मूल्य हमखास उडतं. पुस्तक परीक्षणांच्या बाबतीत हे इतक्यांदा होतं की माझ्याकडे स्तुती भरपूर आहे, प्रकाशक एकाचाही नाही.

चिकटवण्याचं प्रकरण आणखी वाईट. सेलोटेप दोन-तीन वर्षांत पिवळी पडते, टेप सुटते आणि डिंकाचा डाग राहतो. टाचणी आणि स्टेपलर कृष्णाकाठच्या एका पावसाळ्यात गंजतात. फेव्हिकॉल भरपूर लावला की कागदाला लाटा येतात. चार कोपऱ्यांना ठिपका पुरे. मैद्याची खळ उत्तम, पण कसरीला, त्या कागद खाणाऱ्या किड्याला, ती मेजवानी वाटते. जुने बाइंडर म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे. ते विष आहे, तेव्हा खळीचं पातेलं स्वयंपाकघरातलं घेतलं तर पुढचा मजकूर तुमच्याबद्दल छापून येईल.

एवढं करून कागद टिकतो का? नाही. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठ ठेवणारा घटक, जात नाही. ऊन-हवा लागली की तो पिवळा पडतो, मग तुटतो. शिवाय त्यातलं आम्ल शेजारच्या पानात उतरतं. आवडत्या पुस्तकात कात्रण घालून ठेवा, काही वर्षांनी त्या पानावर कात्रणाच्या मापाची तपकिरी खिडकी उमटलेली दिसेल. झेरॉक्स काढावी आणि तीच ठेवावी, हा शहाणपणा मला पटतो, पण झेरॉक्सला मेथीचा वास येत नाही.

सांगलीचा खास शत्रू म्हणजे हळदीचा अंगठा. स्वयंपाकघरातून आलेल्या प्रत्येक अंकावर तो असतोच. साबणाच्या पाण्याने पुसलात तर डाग लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी. हळदीत चुना घालून कुंकू करतात ती हीच गोष्ट. उन्हात धरलं तर हळद उडते हे खरं. पण मघाशीच सांगितलं, उन्हाने कागद पिवळा पडतो. एक पिवळा घालवायला दुसरा पिवळा आणायचा.

फायली चार: ‘पाणी’, ‘पुस्तकं’, ‘अजब’ आणि ‘नंतर बघू’. ‘अजब’मध्ये ऑक्टोपसला तीन हृदयं असतात इथपासून बरंच काही आहे. चौथीबद्दल न बोललेलं बरं, ती आता दोन पिशव्यांत आहे.

अशा 16 पानी अंकाचं वजन 65 ते 70 ग्रॅम, महिन्याची रद्दी दोन किलो. भोकं पाडल्याने वजन फारसं कमी होत नाही, इज्जत होते. रद्दीवाला अंक उलगडून बघतो, आणि अलमट्टीच्या चौकोनातून त्याचा एक डोळा माझ्याकडे बघत असतो.

आणि शोधायला गेलो की हवं ते कधीच सापडत नाही, पाठ सापडते. ‘पाणी’ फाइलमधल्या एका कात्रणामागे निविदेची अडीच ओळ, एक शोकसंदेश, आणि खाली छोटी जाहिरात आहे: ‘वर, 31, 5 फूट 8 इंच, निर्व्यसनी, 3 एकर बागायत, द्राक्षबाग, स्वतःची विहीर. अपेक्षा –’ तिथून पुढे ब्लेड फिरलंय. दुसऱ्या बाजूला कोयनेचे दरवाजे किती फुटांवर, ते मी आजवर वाचलेलं नाही.