चार लिटरचे बिल आणि साडेतीन लिटर ऑइल: आपल्या अभिप्रायाला उत्तर

सविनय नमस्कार.

आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय आम्ही सर्वांनी वाचला. गाडी ठरलेल्या दिवशी मिळाली नाही, चार लिटर ऑइलचे ३,४०० रुपये घेऊन इंजिनात साडेतीन लिटरच भरले, घरून आणलेले ऑइल घालण्यास नकार दिला, काम झाल्यावरही इंजिन थरथरते, आणि बूस्ट (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या टर्बोचा दाब) वाढवून देण्याची आमची तयारी नाही, अशा आपल्या तक्रारी आहेत. आंबा घाटात गाडी ओढत नव्हती, ती इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज चिरल्यामुळे. तो होज कोल्हापुरात मिळाला नाही, बाहेरून मागवावा लागला, आणि त्यात आपला रत्नागिरीचा बेत लांबला. त्या खोळंब्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.

मात्र ‘अर्धा लिटर ऑइल खिशात घातले’ हे आपले वाक्य मला फार लागले आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. ते अर्धा लिटर ऑइल आपल्याच गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या बाजूला, मूळ डब्यात झाकण घट्ट लावून ठेवलेले आहे. हे ऑइल चार लिटरच्या सीलबंद डब्यात येते, बिल डब्यावरील छापील किमतीनेच झाले, आणि डबा पूर्ण आपला असल्यामुळे उरलेले ऑइलही आपल्याच गाडीत ठेवले. गाडी न्यायला आपले बंधू आले होते. त्यांना डिकी उघडून डबा दाखवला होता. तो निरोप आपल्यापर्यंत पोचला नसावा.

मग चारही लिटर का भरले नाही, असे आपण विचाराल. आपल्या तीन सिलिंडरच्या, ९९८ सीसीच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला फिल्टरसह सुमारे साडेतीन लिटरच ऑइल लागते आणि डिपस्टिकवरील दोन खुणांच्या मध्ये पातळी आली की आम्ही थांबतो. त्यावर अर्धा लिटर ओतले तर फिरणारा क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) ते ऑइल रवीने ताक घुसळावे तसे घुसळतो, त्याला फेस येतो, आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगला आधार देऊ शकत नाही. शिवाय टर्बोमधून बाहेर पडणारे ऑइल केवळ उताराने चेंबरमध्ये परत येते. चेंबरमधील पातळी वाढली की ते परत येताना अडते, टर्बोच्या सीलमधून गळते, आणि ब्रीदरमार्गे (इंजिनातील वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, शिरलेली ऑइलची वाफ व्हॉल्व्हवर काजळी धरते. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुऊन निघत नाहीत, आणि एकदा धरलेला कार्बन इनटेकचा भाग उघडून साफ करावा लागतो. उरलेला डबा यासाठीच जपून ठेवावा, की लांबच्या प्रवासात पातळी खाली गेली तर त्याच प्रतीचे ऑइल हाताशी असते. पातळी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना पाहावी. ती आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला तर मात्र गाडी लगेच दाखवावी, कारण केवळ शहरात थोडे थोडे अंतर चालणाऱ्या अशा इंजिनांच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळू लागते.

आता आपण आणलेल्या कॅनविषयी. त्यावर १५डब्ल्यू-४० (ऑइलचा दाटपणा) आणि सीआय-४ (डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) असे छापलेले होते. ते ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनासाठी चांगले ऑइल आहे आणि आपल्या शेतातील ट्रॅक्टरला तेच घालावे, असे मीही सांगेन. पण आपल्या मोटारीचे इंजिन ९९८ सीसीतून १२० अश्वशक्ती देते. पूर्वीच्या मारुती ८०० चे इंजिनही तीन सिलिंडरचेच होते, त्याच्या ७९६ सीसीतून सुमारे ३७ अश्वशक्ती मिळत असे, यावरून आजच्या पिस्टनवर किती ताण येतो हे लक्षात यावे. चढावर वरचा गिअर तसाच ठेवून, दीड हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की ठिणगी पडण्याआधीच ऑइल आणि पेट्रोलचे मिश्र थेंब पेट घेऊ शकतात. त्याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन, म्हणजे कमी आरपीएमला होणारे अकाली ज्वलन) म्हणतात, आणि त्या अवेळी स्फोटाच्या दाबाने रिंग बसते ती पिस्टनची कड तुटू शकते. डिझेलच्या ऑइलमध्ये कॅल्शियमयुक्त डिटर्जंट जास्त असते आणि त्यामुळे हा धोका वाढतो. म्हणूनच टर्बो पेट्रोल इंजिनांसाठी २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी ही मानके आली. आपल्या गाडीत घातलेले ऑइल एसपी दर्जाचे, पूर्ण सिंथेटिक आणि पातळ आहे. टर्बोचा दांडा दोन लाख आरपीएमच्या घरात फिरतो आणि तो ऑइलच्या थरावरच तरंगतो. सकाळी इंजिन सुरू होताच तिथवर ऑइल पोचायला हवे, ते दाट असून चालत नाही. आपले ऑइल घालून मजुरी घेणे आम्हाला सोपे होते. तसे केले नाही म्हणून आम्ही लुटारू ठरावे, याचे वाईट वाटते.

थरथरीविषयी थोडक्यात सांगतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना ज्वलन होते, तीन सिलिंडरमध्ये दर २४० अंशांना. तिन्ही पिस्टनचे वर-खाली होणारे बल परस्परांना तोलते, पण इंजिनाची दोन टोके आळीपाळीने उचलली जाण्याची क्रिया शिल्लक राहते. ती कमी करण्यासाठी कोणी बॅलन्सर शाफ्ट (थरथर तोलणारा वेगळा दांडा) बसवते, कोणी फ्लायव्हील आणि पुली मुद्दाम असमतोल ठेवते, आणि उरलेली थरथर माउंटिंगने (इंजिन ज्यावर बसते त्या रबरी आधाराने) शोषायची असते. आपल्या गाडीचे उजवीकडील माउंटिंग थकलेले आहे; गाडी कामासाठी ताब्यात घेताना भरलेल्या तपासणी कागदावर ही नोंद आहे आणि त्याखाली आपली सही आहे. पण याच २४० अंशांच्या अंतरामुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या धुराला अडवत नाही, टर्बोला प्रत्येक धक्का स्वच्छ मिळतो आणि गाडी खालच्या आरपीएमपासूनच पिकअप घेते. या इंजिनाला रिक्षाचे इंजिन म्हणू नये, अशी माझी विनंती आहे.

जपानमध्ये तीन सिलिंडरमधून २७० अश्वशक्ती काढतात, हे आपले म्हणणे खरे आहे. टोयोटाच्या जीआर यारिसचे १,६१८ सीसीचे इंजिन २०२० मध्ये २७२ अश्वशक्तीचे आले. पण ते रॅलीच्या गरजेतून घडवलेले इंजिन आहे. त्याच्या टर्बोला बॉल बेअरिंग आहे, पिस्टनच्या पोटावर ऑइलचे फवारे आहेत, बॅलन्सर शाफ्ट आहे आणि पेट्रोल दोन ठिकाणी फवारले जाते. तिथे मिळणारे जास्त ऑक्टेनचे (दाबाखाली अवेळी सहज न पेटणारे) पेट्रोल गृहीत धरून ते बांधलेले आहे. आपल्या पंपावरील साधे पेट्रोल त्याहून कमी ऑक्टेनचे असते. आपल्या इंजिनाचा बूस्ट नुसता लॅपटॉपवरून वाढवून मी एका दिवसात अधिक पैसे मिळवू शकलो असतो. पण ते इंजिन पुढे घाटात बसले असते तर दोष कोणाला द्यायचा?

शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांनी ऑइल इंजिने दुरुस्त करण्यात हयात घालवली. बिडाच्या ओतीवर आणि लेथवर उभ्या राहिलेल्या या वसाहतीत माणसाची किंमत त्याच्या हातावरून आणि हिशेबावरून ठरते. आज नवीन ग्राहक आधी मोबाईलवर तारे पाहतो, आणि ‘ऑइल चोरतात’ एवढे वाचून तो पुढच्या गल्लीत जातो. आमच्याकडील फिटर मुलांची घरे याच कामावर चालतात. कामाबद्दल राग असेल तर जरूर लिहावे, पण चोरीचा शब्द लिहिण्यापूर्वी एक फोन करायला हवा होता, असे मला वाटते.

यापुढे उरलेल्या ऑइलची बिलावर वेगळी नोंद करण्याचा आमचा विचार आहे, आणि सुटे भाग वेळेवर मिळावेत यासाठीही काही व्यवस्था करत आहोत. आपण कृपया डिकी उघडून डबा पाहावा. तो तिथे असेल तर ऑइलविषयीचे तेवढे वाक्य अभिप्रायातून काढावे. बाकीचे मत आपल्याला हवे तसे राहू द्यावे. माउंटिंग बदलायचे असल्यास सकाळी गाडी थंड असतानाच आणावी, म्हणजे तपासणी आपल्यासमोर करता येईल, आणि त्या तपासणीचे पैसे घेणार नाही.

आपला,
गॅरेज चालक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर